रुपया, रूबल आणि नावलौकिक

पेढीची सर्वांत मोलाची मालमत्ता कोणती, असे विचारले तर आपल्यातील कोणीही अनुभवी व्यापारी दुकान, गोदाम किंवा शिलकी माल यांचे नाव घेणार नाही. तो म्हणेल, पेढीचे नाव. गंमत अशी की हेच नाव हिशेबाच्या वहीत लिहिता येत नाही. स्वतःच्या सचोटीने तीन पिढ्यांत मिळवलेला नावलौकिक ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवू नये, असा हिशेबशास्त्राचा नियम आहे. पेढी दुसऱ्याने विकत घेतली आणि मालमत्तेच्या मूल्याहून अधिक रक्कम मोजली, तरच ती जादा रक्कम ‘गुडविल’ या नावाने खरेदीदाराच्या वहीत उतरते. विद्यार्थिदशेत हा नियम शिकताना मला तो अन्यायकारक वाटे. बँकेतील नोकरीत मात्र त्यामागील शहाणपण उमगले. ज्याची किंमत कोणी मोजलेली नाही, ती किती धरावी हे कसे ठरवणार?

देशादेशांच्या संबंधांतही असेच एक न लिहिलेले खाते असते. एका देशाचे संगीत, चित्रपट, पुस्तके, विद्यार्थी आणि कलावंत दुसऱ्या देशात पोहोचतात आणि तेथील सामान्य माणसाच्या मनात त्या देशाविषयी आपुलकी उत्पन्न होते. ही आपुलकी हेतुपूर्वक निर्माण करण्याच्या सरकारी प्रयत्नास सांस्कृतिक राजनय असे भारदस्त नाव आहे. भारताने त्यासाठी १९५० मध्येच, मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने, भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. परंतु या आपुलकीचा व्यवहारात उपयोग किती? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास भारत आणि रशिया यांच्यासारखे दुसरे उदाहरण नाही, असे मला वाटते. कारण येथे प्रेमाचे खाते आणि पैशाचे खाते ही दोन्ही शेजारी शेजारी, अनेक दशके, चालू राहिली आहेत.

या संबंधाचा पहिला नायक व्यापारी आहे आणि तो आपल्याच किनाऱ्यावर उतरला होता. त्वेर नगरीचा अफनासी निकितीन १४६९ च्या सुमारास इराण आणि होर्मुझमार्गे चौल बंदरात आला. वाटेत वोल्गा नदीच्या मुखाशी त्याचा माल लुटला गेला होता. हिंदुस्थानात घोड्यांना भाव चांगला मिळतो असे ऐकून त्याने एक उमदा घोडा बरोबर आणला. जुन्नरच्या सुभेदाराने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन असे बजावले. एका खुरासानी अधिकाऱ्याने मध्यस्थी केली, तेव्हा घोडा सुटला. पुढे बहामनी राज्याच्या राजधानीत, बिदरला, तो विकला गेला. आपल्या प्रवासवृत्तात निकितीनने स्पष्ट तक्रार केली आहे, की ओळखीच्या व्यापाऱ्यांनी सांगितले तसा रशियात खपेल असा माल येथे नाही. मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण जकात फार आणि वाटेत चाचे पुष्कळ. घरी पोहोचण्यापूर्वीच, स्मोलेन्स्कजवळ, त्याला मृत्यू आला.

म्हणजे व्यापारी दृष्टीने ही फेरी तोट्याची. तरीही १९५५ मध्ये त्वेरला वोल्गाकाठी त्याचा पुतळा उभारला गेला, १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास आणि सोव्हिएत दिग्दर्शक प्रोनिन यांनी मिळून त्याच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला, आणि आपल्या रेवदंड्यालाही त्याचे स्मारक आहे. पाचशे वर्षांपूर्वीची बुडीत फेरी दोन सरकारांनी नावलौकिकाच्या खात्यावर जमा करून घेतली! मैत्री जुनी आहे असे दाखवायचे असले, की राज्यकर्ते पूर्वज शोधून काढतातच.

निकितीननंतर सुमारे साडेचार शतकांनी या दोन भूमींत जो खरा वैचारिक सेतू बांधला गेला, त्यात कोणत्याही सरकारचा हात नव्हता. गांधीजींनी आत्मकथेत आपल्यावर खोल ठसा उमटवणाऱ्या तीन आधुनिक व्यक्तींची नावे दिली आहेत: रायचंदभाई, टॉलस्टॉय आणि रस्किन. रायचंदभाई म्हणजे श्रीमद् राजचंद्र, मुंबईत जवाहिराचा व्यापार करणारे. त्यांचा प्रत्यक्ष सहवास आणि दूर रशियातील टॉलस्टॉयचा ग्रंथ या दोहोंची भेट एका गुजराती बॅरिस्टरच्या मनात झाली. पुढे १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म उभा राहिला. अहिंसा आणि शाकाहार यांचा पुरस्कार करणारा रशियन लेखक आपल्या घरांतून परका का वाटला नाही, हे निराळे सांगावयास नको.

सरकारी प्रयत्नांचा खरा आरंभ स्टालिनच्या मृत्यूनंतर झाला. डिसेंबर १९५३ मध्ये व्यापारी करार झाला. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघात भारतीय चित्रपटांचा महोत्सव भरला. फेब्रुवारी १९५५ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार, जूनमध्ये पंडित नेहरूंचा सोव्हिएत दौरा, वर्षाअखेरीस ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन यांचा भारत दौरा. श्रीनगरात ख्रुश्चेव्ह यांनी काश्मीर भारताचाच भाग असल्याचे जाहीरपणे म्हटले, आणि पुढे सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार एकाहून अधिक वेळा भारताच्या कामी आला. १९५८ मध्ये मुंबईत जी आयआयटी सुरू झाली, तिच्या उभारणीत युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत साहित्याचा आणि तज्ज्ञांचा मोठा वाटा होता.

या सर्व भारदस्त घटनांपेक्षा रशियन जनतेच्या स्मरणात राहिला तो मात्र एक चित्रपट. राज कपूर आणि नर्गिस यांचा ‘आवारा’ तेथे १९५४ मध्ये रशियन भाषेत प्रदर्शित झाला आणि सहा कोटींहून अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला. न्यायाधीशाचा मुलगा रस्त्यावर वाढतो आणि गुन्हेगार होतो. दोष रक्ताचा की परिस्थितीचा, हा त्या कथेतील प्रश्न. महायुद्धात घरटी माणूस गमावलेल्या त्या देशाला ही गोष्ट आपलीच वाटली. शैलेंद्रांचे शब्द आणि शंकर-जयकिशन यांची चाल यांना तर अनुवादाची गरजच पडली नाही. तेव्हापासून १९९१ पर्यंत दोनशेहून अधिक भारतीय चित्रपट तेथील पडद्यांवर आले. अखेरच्या काळात मिथुन चक्रवर्ती यांच्या ‘डिस्को डान्सर’ने पुन्हा कोट्यवधींची गर्दी खेचली.

येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. आपले चित्रपट तेथे भेट म्हणून गेले नव्हते. सोव्हिएत सरकारच्या चित्रपट-व्यापार संस्थेने ते विकत घेतले आणि प्रेक्षकांनी तिकीट काढून पाहिले. तेथील विद्वान समीक्षक या अश्रूंनी आणि गाण्यांनी भरलेल्या चित्रपटांना नाके मुरडत. प्रेक्षक मात्र रांगा लावीत. माणूस स्वतःच्या खिशातून पैसे देऊन जे घेतो, तेच त्याला खरोखर हवे असते, हे आपणा व्यापारी लोकांना कोणी सांगावे?

उलट दिशेने आलेला माल दोन प्रकारचा होता. गुळगुळीत कागदावर छापलेले ‘सोव्हिएत देश’ हे नियतकालिक अत्यल्प वर्गणीत घरोघर येई. त्यातील ट्रॅक्टर, धरणे आणि हसऱ्या कामगारांची चित्रे पाहिली जात, मजकूर क्वचितच वाचला जाई, आणि जून महिन्यात त्या कागदाची शालेय पुस्तकांना उत्तम वेष्टने होत. माझ्या पिढीतील कोणालाही विचारा. दुसरा प्रकार पुस्तकांचा. मॉस्कोच्या प्रगती, मीर आणि रादुगा या प्रकाशनसंस्थांची इंग्रजी, हिंदी आणि मराठी पुस्तके फिरत्या मोटारीतून गावोगाव विकली जात. पेरेलमान यांचे गमतीदार पदार्थविज्ञान, टॉलस्टॉय, चेखॉव्ह, गॉर्की, रंगीत चित्रांच्या बालकथा, हे सर्व चहाच्या दोन-चार कपांच्या किमतीत मिळे. ज्यांना साम्यवादाशी काडीचे कर्तव्य नव्हते, उलट तो आपल्या पेढ्यांच्या मुळावर येईल अशी धास्ती होती, अशा घरांतील मुलांनीही ही पुस्तके वाचली. दोन्हींमागे सरकार एकच, हेतूही एकच. पण एकाची वेष्टने झाली आणि दुसरे आजही कित्येकांच्या कपाटात आहे. फरक मालाच्या प्रतीचा होता.

मराठी साहित्यही तिकडे गेले. सांगली जिल्ह्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, ज्यांना शाळेचे तोंडही जेमतेम पाहता आले, त्यांनी महायुद्धाच्या काळात स्टालिनग्राडवर पवाडा रचला होता. त्यांच्या लेखनाचे रशियन अनुवाद झाले आणि १९६१ मध्ये ते स्वतः तो देश पाहून आले. ‘माझा रशियाचा प्रवास’ या नावाने त्यांनी लिहिलेले वर्णन आजही वाचनीय आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, त्यास महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते.

आता पैशाच्या खात्याकडे वळतो, कारण ते मी जवळून पाहिले आहे. १९८० च्या दशकात मी बँकेच्या परकीय चलन विभागात काम करीत असे. इतर देशांशी होणारा व्यापार डॉलर, पौंड किंवा मार्कात चाले. सोव्हिएत संघाशी होणारा व्यापार रुपयांत. व्यवस्था थोडक्यात अशी. सोव्हिएत संघाकडून यंत्रसामग्री, खनिज तेल आणि शस्त्रास्त्रे येत, बरीचशी दीर्घ मुदतीच्या कर्जावर. त्या कर्जाचे हप्ते आपण डॉलरमध्ये न देता रुपयांत, त्यांच्या येथील खात्यात भरायचे. त्या रुपयांतून ते आपला चहा, कॉफी, मिरी, काजू, कातडी वस्तू, औषधे आणि होजिअरी खरेदी करीत. वर्षाच्या आरंभी दोन्ही सरकारे कोणता माल किती घ्यायचा याचा तक्ता ठरवीत. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला ही मोठीच सोय होती. निर्यातदारालाही सुख असे: गिऱ्हाईक एकच, सरकारी, पैसे न बुडवणारे, आणि मालाच्या प्रतीबाबत फारसे काटेकोर नसलेले.

हे शेवटचे सुख घातक ठरले, असे माझे स्पष्ट मत आहे. लुधियानाच्या होजिअरी कारखानदारांपैकी पुष्कळांचे जवळजवळ सर्व उत्पादन या एका गिऱ्हाइकाकडे जाई. आमच्या शाखेतही असे खातेदार होते, ज्यांच्या फाइलीत दुसऱ्या देशाचे एकही पतपत्र सापडले नसते. त्यांना सुचवावे तर ते म्हणत, “साहेब, रशिया आपला मित्र आहे.” मित्र होता हे खरेच. जुलै १९८७ मध्ये मॉस्कोत राजीव गांधी आणि गोर्बाचेव्ह यांच्या उपस्थितीत भारत महोत्सवाचे उद्घाटन झाले. नोव्हेंबरात इकडे सोव्हिएत महोत्सव सुरू झाला. नर्तक, गायक, लोककलावंत यांची अखंड ये-जा चालू होती. सांस्कृतिक खाते इतके भरभरून यापूर्वी कधीच वाहिले नव्हते.

आणि चारच वर्षांत, डिसेंबर १९९१ मध्ये, सोव्हिएत संघ हे राष्ट्रच उरले नाही. खरेदी करणाऱ्या सरकारी संस्था मोडल्या, वार्षिक तक्ते निरर्थक झाले, पतपत्रे येईनाशी झाली. ज्या खातेदाराची मी वर आठवण काढली, त्यांच्यापैकी काहींची गोदामे लोकरी स्वेटरांनी भरलेली होती, आणि त्या मापाचे, त्या जाडीचे स्वेटर मुंबईत कोण घेणार? मॉस्कोच्या प्रकाशनसंस्थांची मराठी पुस्तकेही त्याच सुमारास बंद झाली.

उरले ते देणे. भारताच्या डोक्यावर सुमारे १० अब्ज रूबलचे कर्ज होते. पण रूबल म्हणजे किती रुपये? बाजारात रूबल दररोज कोसळत होता. १९७८ च्या करारातील पद्धतीने मात्र वहीत त्याचा भाव चढाच होता. बाजारभाव धरला तर कर्ज जवळजवळ माफ, वहीतील भाव धरला तर डोंगराएवढे. जानेवारी १९९३ मध्ये अध्यक्ष येल्त्सिन दिल्लीस आले तेव्हा तडजोड झाली. कर्जाचा मोठा भाग १२ वर्षांत अल्प व्याजाने, उरलेला ४५ वर्षांत बिनव्याजी, आणि फेड पुन्हा रुपयांतच, मालाच्या रूपाने. ही तडजोड भारताला महाग पडली असे तेव्हा पुष्कळ अर्थतज्ज्ञांनी म्हटले, आणि आकडे पाहता ते चूक नव्हते. परंतु जुने घराणे अडचणीत आले असता त्याच्याशी कसे वागावे, याचाही एक हिशेब असतो. अडचणीतल्या जुन्या धनकोस आपण बाजारभावाने गाठले नाही. पुढील तीन दशकांत त्या देशाने संरक्षणसामग्रीचे सुटे भाग आणि तंत्रज्ञान देताना भारताला जी वागणूक दिली, तिच्या मागे हे वर्तन नव्हतेच, असे मी म्हणणार नाही.

मात्र आपुलकीच्या दुसऱ्या बाजूविषयी फार थोडे बोलले जाते. उधारीच्या व्यवहारात आपण ज्याला मुलाहिजा म्हणतो, तो येथेही होता. १९५६ मध्ये हंगेरीत, १९६८ मध्ये प्रागमध्ये, १९७९ च्या अखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा भारताचा आवाज इतर प्रसंगांहून पुष्कळच मऊ होता. जुन्या गिऱ्हाइकाकडे तगादा लावताना जीभ अडखळते तसे हे झाले. अहिंसेचा वारसा सांगणाऱ्या देशाला ही अडखळण शोभली का, हा प्रश्न मला आजही छळतो. संबंध गोड असले म्हणजे खरे बोलणे सोपे व्हायला हवे. अनुभव बहुधा उलट येतो.

आज तेच खाते नव्या पानावर उघडले आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियन बँकांना डॉलरच्या व्यवहारांतून दूर सारले. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी बँकांना भारतात रुपयाची विशेष खाती उघडण्यास मुभा दिली. ते परिपत्रक वाचताना मला निवृत्तीनंतर पुन्हा जुन्या टेबलावर बसल्यासारखे वाटले. पण या वेळी पारडे एकीकडेच झुकले. आपण रशियाचे तेल प्रचंड प्रमाणात घेऊ लागलो, आणि त्यांनी आपल्याकडून घ्यावे असे मात्र फारसे नव्हते. मे २०२३ मध्ये गोव्यातील बैठकीच्या वेळी रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी उघडच सांगितले, की भारतीय बँकांत अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत. २०२४-२५ या वर्षात दोन्ही देशांचा व्यापार ६८ अब्ज डॉलरच्या पुढे गेला, त्यात आपली निर्यात ५ अब्ज डॉलरच्या आसपास. रशियात खपेल असा माल येथे नाही, ही निकितीनची तक्रार साडेपाचशे वर्षांनी मंत्रिपातळीवर पोहोचली, इतकेच!

आपल्या समाजातील हिऱ्याच्या व्यापाऱ्यांना तर हा विषय वृत्तपत्रातून कळण्याची गरजच नाही. रशियन खाणींतील कच्चा हिरा सुरतेत पैलू पडून मुंबईच्या बाजारातून जगभर जात असे. अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांनी तो हिरा, तिसऱ्या देशात घासला गेला तरी, आपल्या बाजारात येऊ द्यायचा नाही असे ठरवले, तेव्हा घासणाऱ्या हातांचे काम घटले. तेथे कोणतेही गाणे मध्यस्थीस आले नाही.

औषधांच्या व्यवसायातील माझे एक परिचित गेल्या वर्षी मॉस्कोला एका प्रदर्शनास जाऊन आले. १९९१ च्या पडझडीतून जे थोडे भारतीय व्यवसाय रशियात टिकले आणि वाढले, त्यांत औषधे अग्रभागी आहेत, कारण त्या मंडळींनी कोलमडलेल्या बाजारातही माल पाठवणे सोडले नाही, रशियन भाषेत वेष्टने छापली, तेथेच माणसे नेमली. परिचितांसमोर बसलेल्या साठीच्या रशियन खरेदीदाराने त्यांचे कार्ड पाहताच राज कपूरचे नाव घेतले, चहा मागवला आणि आईबरोबर पाहिलेल्या चित्रपटाची हकिकत सांगितली. शेजारी बसलेल्या त्याच्या तिशीतल्या सहकारी स्त्रीला ते नाव ठाऊक नव्हते. चहा संपल्यावर तिने एका चिनी कंपनीचे दरपत्रक टेबलावर ठेवले. वयस्क गृहस्थाने ते परिचितांकडे सरकवले आणि, “तुमचा भाव काय, ते उद्या सकाळपर्यंत सांगा, तोवर मी सही करीत नाही,” असे म्हटले. परिचितांनी रात्री मुंबईला फोन करून आकडे जुळवले, भाव चार टक्के खाली आणला आणि मागितलेली नव्वद दिवसांची मुदत साठ दिवसांवर आणून करार केला. पुढील खेपेपासून सर्व पत्रव्यवहार त्या तरुण सहकारी स्त्रीशी होणार आहे.